श्वास ऐकणारा हेडफोन

मित्रांनो, मी रुग्णवाहिका बोलावण्याच्या केंद्रातला एक जुना हेडफोन आहे. कारखान्यात मला कानांसाठी दोन मऊ गाद्या आणि तोंडापाशी छोटा माइक मिळाला. त्या माइकमुळे बोलणाऱ्याचा श्वास मला सगळ्यांच्या आधी कळे.

मला वापरणाऱ्या नव्या मुलीला सगळे 'धाकटी' म्हणत. पहिल्याच दिवशी फोनवर एक बाई किंचाळली आणि धाकटीची वाचाच बसली. शेजारच्या थोरल्या ताईंनी तो फोन आपल्याकडे घेतला.

"ताई, मला नाही जमणार. छाती नुसती धडधडते," धाकटी रडत म्हणाली.

"माझीही धडधडते गं. धडधडू दे. पाय जमिनीवर घट्ट टेकव आणि श्वास अगदी सावकाश बाहेर सोड. संकट या खोलीत नाही, हे शरीराला कळू दे."

धाकटी रोज सराव करू लागली. कधी जमे, कधी फिसकटे. फोन वाजला की ती दचके.

एका दुपारी ताई रजेवर होत्या. फोन वाजला.

"दादाचा हात काचेनं कापलाय! रक्त थांबत नाहीये!"

धाकटीचा श्वास अडकला. आता हिची वाचा बसणार, असं मला वाटलं. मग तिचे पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि एक लांब उच्छ्वास माझ्या माइकवरून गेला.

"पत्ता सांगा... हं, गाडी निघाली. आता स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. उचलून बघू नका."

"माझे हात थरथरताहेत हो!"

"थरथरू द्या, दाब सोडू नका. माझ्याबरोबर श्वास सोडा, सावकाश. मी फोन ठेवत नाही."

दोन घाबरलेले श्वास माझ्यातून जात होते. हळूहळू दोन्ही संथ झाले. मागून दादा कण्हला, "अगं, हात मोडशील माझा!" बहीण रडता रडता हसली. तेवढ्यात दार वाजलं. गाडी पोहोचली होती.

फोन संपल्यावर धाकटी हमसून रडली. दादा वाचल्याचं संध्याकाळी रुग्णवाहिकेच्या चालकानं सांगितलं, तेव्हा कुठे ती घोटभर पाणी प्यायली.

पुढे माझ्या गाद्या फाटल्या, वायर तुटली. आता मी खणात पडून असतो.

मित्रांनो, माझी वायर कुणी नाही जोडली तरी चालेल. पण कुणी घाबरलं, तर "त्यात काय घाबरायचं!" म्हणून त्याला झटकू नका. शेजारी बसा, हळू बोला. आणि तुमचीच छाती धडधडली, तर स्वतःवरही ओरडू नका.