पांढरी राहिलेली पट्टी

दादाचे हात थरथरायला लागले तेव्हा कंपनीचा डॉक्टर म्हणाला, पीत असणार. माझा थोरला भाऊ कीटकनाशकाच्या कारखान्यात बाटल्या भरतो. दारूच्या थेंबालाही तो आयुष्यात शिवला नाही. ऐकून माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. शेडमध्ये विष सांडतं असं सिद्ध झालं, तर कंपनीला त्याला दुसरं काम आणि औषधपाणी द्यावंच लागलं असतं. आणि सिद्ध करायची वस्तू तर मीच बनवत होते.

आमच्या प्रयोगशाळेत एका द्रावणाला विजेचा जबरदस्त दाब देऊन केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतू काढतात. त्यांची पट्टी दिसायला कापसाचा पापुद्रा, पण विषाचा अंश लागला की जागच्या जागी जांभळी होते. नियम एकच. जागा जशी असेल तशी तपासायची, आधी पुसायची नाही.

माझ्या साहेबांनी त्याच कारखान्यात चाचणी ठरवली. मी शेडमध्ये पाऊल टाकलं तर टेबल लख्ख. दादा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा.

"पहाटेपासून घासतोय," तो हळूच म्हणाला. "मॅनेजर म्हणाले, तुझी बहीण येतेय. म्हटलं, तुझ्या साहेबांसमोर तुझी मान खाली जायला नको."

हसावं की रडावं कळेना. पट्टी टेबलावर दाबली. पांढरी. बाटल्या भरायच्या नळावर दाबली, तिथेही पांढरी. मॅनेजर मेला मिशीतल्या मिशीत हसत होता.

माझं डोकंच फिरलं. दादाचा हात ओढून दुसरी पट्टी त्याच्या तळव्यावर दाबली. बघता बघता जांभळी झाली. घासून घासून टेबलावरचं सगळं विष त्याने स्वतःच्याच हातांवर घेतलं होतं.

"आता बोला," मी म्हटलं.

"टेबल आमचं, ते स्वच्छ आहे," मॅनेजर म्हणाला. "हात त्याचे आहेत."

मी आमच्या साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना इथे पट्ट्या विकायच्या होत्या.

आठवडा सरायच्या आत दादाला कामावरून काढलं. कारण काय, तर त्याच्या हातांपासून इतर कामगारांना धोका आहे. पुरावा माझ्या पट्टीचा. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय.

त्याच्या घरी गेले तर वहिनीने पाणीसुद्धा विचारलं नाही. तिचं तरी काय चुकलं? दादा खुर्चीत बसला होता, हात मांड्यांखाली दाबून.

"दादा, चार शिव्या तरी घाल मला," मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं.

त्याने एक हात मांडीखालून काढून उलटसुलट पाहिला.

"पट्टी मात्र चांगली केलीस गं," तो म्हणाला. "तुम्ही यायच्या आधी मी हात साबणाने दोन-दोनदा धुतले होते."