आतून लावायची कडी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी भित्री आहे. घराच्या मोठ्या दाराची कडी चोराला भिते. मी संडासाच्या दाराची, आतल्या बाजूची. माझी भीती वेगळी आहे.

कारखान्यात मला साच्यात ओतले, घासून चकचकीत केले. सुताराने चार स्क्रू पिळून मला दारावर बसवले आणि म्हणाला, "आता आत बसेल तो राजा!" तेव्हा या घरातल्या आजी नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. माणसे भरपूर आणि संडास एकच. बाहेर सदा आरडाओरडा. पण मला सरकवले, की आतल्याला घटकाभर शांतता मिळे. आजी म्हणत, "या घरात माझं ऐकते ती एकटी ही कडी." एवढे कौतुक मला पुढे कधी मिळाले नाही.

गेल्या वर्षी आजी ओल्या फरशीवर घसरल्या. आतून त्या कण्हत होत्या, बाहेरून मुलगा दार बडवत होता, आणि मधे मी. शेवटी त्याने खांद्याने दार फोडले. माझे दोन स्क्रू उपटले, दांडी वाकली. आजींना मुका मार लागला, हाड वाचले. मला ठोकून पुन्हा बसवले, ते बाकीच्यांसाठी.

"आई, तू यापुढे कडी लावायची नाहीस."

"अरे, उघड्या दारात होईल का मला?"

"दार लोटलेलं असतंच की. घरचेच तर आहोत सगळे!"

तो प्रेमानेच बोलत होता. पण दार ढकलतात ते घरचेच. एकदा जावई आत डोकावले आणि तोंड फिरवून पळाले. घरभर हशा पिकला. आजीही हसल्या. त्या दिवसापासून मात्र घर रिकामे होईपर्यंत त्या थांबू लागल्या. थांबणे सोपे जावे म्हणून पाणी पिणेही कमी केले.

"आईंना पुन्हा साफ होत नाहीये," सून म्हणे.

"वय झालं, चालायचंच," मुलगा म्हणे, आणि औषधाची नवी बाटली येई.

मग ती दुपार आली. घरात कोणी नव्हते. आजी आत आल्या आणि जुन्या सवयीने त्यांनी मला सरकवले. त्या श्वास कोंडून जोर करत राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम डवरला. उठता उठता त्यांचा तोल गेला आणि हात माझ्याकडे आला. बोटे माझ्यावरून घसरली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही आणि आपणहून सरकताही येत नाही. माझी वाकलेली दांडी अडकली होती. पुन्हा दार फुटेल? तोवर या शुद्धीवर राहतील?

"आई? कुठे आहात?" सून लवकर परतली होती. "आई!"

आजींनी सगळा भार माझ्यावर टाकला. मी खरखरत सुटले. दार उघडताच सुनेने त्यांना कवेत धरले.

"कडी का लावलीत? नको म्हटलं होतं ना?"

"लावल्याशिवाय होत नाही गं मला," आजी रडू लागल्या. "होत नाही म्हणून कुंथते, कुंथते म्हणून अंधारी येते. आणि तुम्ही म्हणता, वय झालं."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी आधी पाण्याचे विचारले, मग चालण्याचे, मग गोळ्यांचे.

"कळ आली की दाबून ठेवली, तर मळातलं पाणी आतडं शोषत राहतं. तो कडक होतो. हळूहळू कळही मंदावते. त्यात पाणी कमी, पडल्यापासून चालणं बंद, आणि ही दुखण्याची गोळी पोट आणखी बांधते. ती मी बदलते. सगळं वयाच्या माथी मारू नका. पण आजी, हे आधी का नाही बोललात?"

"औषध घेतलं का, एवढंच विचारायचे सगळे. का होत नाही, ते कोणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मुलाने नवी कडी आणली. ती आतून लागते. पण वेळ पडली तर बाहेरून नाणे घालून फिरवता येते. भिंतीला धरायला दांडाही बसला. मला खिळ्यांच्या डब्यात टाकले.

भंगारवाल्याची हाक आली की अजून धडकी भरते. पण रोज सकाळी दूरवर नव्या कडीचे 'टक्' ऐकू येते. नातू ओरडतो, "आजी, आटप ना!" आणि आजी आतून दरडावतात, "थांब की मेल्या, आत्ता तर बसलेय!"

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने औषध घेतले का, हे जरूर विचारा. पण त्याआधी त्याच्यासाठी दार नीट लागते का, तेवढे बघा.