बंडूची नखं आणि शनिवार

डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी सोपं होतं. मोठ्या कुत्र्याची नखं तीन-चार आठवड्यांनी कापायची. रस्त्यावर भरपूर चालत असेल तर ती आपोआप झिजतात, मग थोडा उशीर चालतो. फरशीवर टकटक ऐकू आली की वेळ झाली समजायचं.

सिव्हिल लाइन्समधल्या भय्यासाहेबांच्या घरात ही टकटक दोन महिने चालली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचं फिरणं बंद झालं, आणि त्यांच्यासोबत बंडूचंही. बंडू म्हणजे पंचावन्न किलोचा ग्रेट डेन.

नखं कापण्याचं काम त्यांच्या पत्नीकडे, कुंदाताईंकडे होतं आणि कुंदाताईंना वार पाळायचे होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी नखं कापली नव्हती. सोमवार मुलाचा, सौमित्रचा, जन्मवार. उरलेल्या तीन वारांतून चतुर्थी, एकादशी, अमावास्या वजा व्हायच्या. दिवे लागल्यावर तर प्रश्नच नव्हता. हे नियम माणसांचे आहेत, असं भय्यासाहेबांनी एकदा सुचवून पाहिलं. तो राहतो तो माणसांतच ना, असं कुंदाताईंनी विचारल्यावर विषय संपला. त्यात बंडू एका बैठकीला एकच पाय द्यायचा. दोन महिन्यांत मागचे दोन्ही पाय झाले होते.

शनिवारी सकाळी बंडू लंगडायला लागला. पुढच्या डाव्या पायाचं आतल्या बाजूचं नख, जे जमिनीला टेकतच नाही आणि म्हणून झिजतही नाही, गोल वळून कातडीत रुतायच्या बेतात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सौमित्र नागपूरहून यायचा होता. बंडू मुळात त्याचा. तुम्हाला झेपत नसेल तर पाटनला मित्राच्या शेतावर ठेवतो, तिथे मातीत हिंडेल, असं त्याने फोनवर दोनदा सांगितलं होतं. लंगडताना दिसला तर तसाच गाडीत बसवून नेईन, हे तिसऱ्यांदा.

रविवारी अमावास्या होती. म्हणजे थेट बुधवार.

भय्यासाहेबांनी रामकृष्ण गुरुजींना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, नियम घरच्यांना असतो," ते म्हणाले. "कुत्रा घरचा नाही, एवढं मनात म्हणा अन् कापून टाका. दोष नाही."

भय्यासाहेबांना हे फार आवडलं. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढूनही इतका सरळ तोडगा त्यांच्या पाहण्यात नव्हता. कुंदाताईंनी गुरुजींचे आभार मानले, फोन ठेवला आणि बसून राहिल्या. बंडू त्यांच्या पायाशी डावा पंजा चाटत होता.

"म्हणून टाक ना," भय्यासाहेब म्हणाले. "त्याला थोडीच समजून राहिलं."

"मला समजून राहिलं ना."

पाच मिनिटांनी कुंदाताईंनी नखं कापायची पक्कड मागितली. भय्यासाहेबांनी बंडूचं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि तुपाची पोळी समोर केली. नख कट्‌ करून तुटलं. बंडूने पोळी खाल्ली.

"म्हटलं ना मनात?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हटलं. घरचाच आहे तो. दोष लागेल तर लागू द्या, उद्या उपास करते मी." मग त्या म्हणाल्या, "आता उजवा पाय द्या. दोष काही दोनदा लागत नाही."

रविवारी सौमित्र आला तेव्हा बंडू चारही पायांवर धावत दारात गेला. सौमित्रने गुडघ्यावर बसून एकेक पंजा तपासला आणि पुढच्या पायांची कधी कापली म्हणून विचारलं.

"काल," कुंदाताई म्हणाल्या.

सौमित्र त्याच घरात वाढला होता. त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं, मग आईकडे. बंडूच्या भांड्यात आज नुसतं दूध आणि केळं काहून, असं त्याने विचारलं.

"त्याचाही उपास आहे," त्या म्हणाल्या.

चहा झाल्यावर सौमित्र अंगणात गेला आणि पाटनच्या मित्राला बंडू येत नसल्याचं कळवून आला.