टिल्लूच्या कप्प्यातला खुराक

"बाबा, माझ्या कप्प्यातला खुराक तुम्ही चोरता का?"

हा प्रश्न काढणारं डोकं माझं नव्हे, मैत्रिणींचं. डबा खाताना त्यांनी पैज लावली होती: कोकरू वाढत नाही म्हणजे त्याचं कुणीतरी खातंय, हिंमत असेल तर घरी विचारून दाखव. हिंमत हल्ली माझ्याकडे पोत्याने आहे. शाळेतून आले ती थेट शेडमध्ये शिरले आणि विचारून मोकळी झाले.

आमच्या शेडमध्ये आईचं दूध सुटलेली कोकरं-करडं येतात आणि तीन महिन्यांत खाऊनपिऊन टुणटुणीत होऊन जातात. या खेपेला बारक्यांचा कप्पा मी हट्टाने मागून घेतला होता. अकरा जीव. बाबांची अट एकच: या रविवारच्या वजनाला अकराच्या अकरा वाढलेले दिसले तर कप्पा माझा, नाहीतर मी गुमान अभ्यास करावा. दहा जण वाढत होते. अकरावं कोकरू, टिल्लू, मात्र दोन आठवडे बारा किलोला चिकटून बसलं होतं. भरडलेला मका आणि पेंड मी मापाने घालत होते, दर तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवत, कारण दाण्याची सवय पोटाला हळूहळूच लागते. तरी हा सकाळी गव्हाणीपाशी यायचा, हुंगायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. लेंड्याही सैल.

बाबांनी हातातली वैरण खाली ठेवली. वाटलं, आता माझी खैर नाही. पण ते लाजून कानापर्यंत लाल झाले.

"चोरत नाही गं, घालतो. संध्याकाळी एक मूठ. बिचारा मागे राहतो म्हणून."

पलीकडे आई पाण्याची टाकी घासत होती. तिचा हात थांबला. "अहो, तुम्हीपण?"

आईची मूठ दुपारची. आणि आईची मूठ म्हणजे काय, ते आमच्या घरी जेवलेल्या कुणालाही विचारा. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं. शाळेला निघताना मीही एक मूठ देत होते. ती मापात धरली नव्हती, लाडाची होती ना.

म्हणजे टिल्लू उपाशी नव्हताच. तिघांनी मिळून त्याचं पोट आंबवलं होतं. दाणा जास्त झाला की भूक मरते, आणि खाऊ घालणारा म्हणतो, अरेरे, खात नाही, घाला अजून. हे मला बाबांनीच शिकवलेलं.

आईला हसू आवरेना. रविवार तर परवावर आला, मग काय करायचं, असं बाबांनी हळूच मला विचारलं. मला!

"या रविवारी टिल्लूचं वजन धरायचं नाही," मी सांगितलं. "आजपासून त्याला दाणा बंद, नुसती सुकी वैरण आणि पाणी. आठ दिवसांनी मी चिमटीपासून पुन्हा सुरू करीन. तोवर या कप्प्यात माझ्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. आणि माया फारच उतू जायला लागली तर मला खाऊ घाला, मीही वाढीच्याच वयात आहे."