बोरी अरब तापत नाही

वैशाखात मी तुळशीवर गळती लावते. बुडाला बारीक भोक असलेलं गाडगं वर टांगायचं आणि महिनाभर थेंब तुटू द्यायचा नाही, असा नेम.

माझा भाचा अंकुर आमच्याकडेच राहतो. यवतमाळच्या एका छोट्या दैनिकाचा तो बोरी अरबचा वार्ताहर. रोज दुपारी दोन वाजता गावाचं तापमान कळवायचं, त्यासाठी पेपरानं थर्मामीटर दिलेलं. "सावलीत टांग," एवढंच सांगितलेलं. ते त्यानं तुळशीवर सावलीला बांधलेल्या बांबूच्या तट्ट्याखाली टांगलं.

आजूबाजूच्या गावांत पंचेचाळीस, आमच्याकडे छत्तीस. पंधरा दिवसांत त्याची एक ओळ छापून आली नाही.

"मामी, संपादक म्हणते, तुहं गाव काहून तापत नाही? या हप्त्यात बातमी नाही आली तर दुसरा माणूस पाहतो म्हणते."

"परवा पेपरात होतं ना, ग्रामपंचायत तापली म्हणून?"

"ते भांडण होतं. तूर तापली म्हनजे भाव चढला. मोर्चा तापला म्हनजे पोलीस आले."

"अन् ऊन तापलं तर?"

"तवा 'पारा भडकला' लिवतो. उन्हाले तापलं म्हनायचं आता जुनं झालं."

शेवटी कुठंतरी जागा उरली, म्हणून छापून आलं, 'बोरी अरब जिल्ह्यात सर्वांत थंड'. दुसऱ्या दिवशी अंकुरची आई, माझी नणंद तुळसाबाई, यवतमाळहून यष्टीनं तीन नातवंडं घेऊन उतरली. पिशवीत शालही होती.

तिनं अंगणात उभ्या उभ्या घाम पुसला. "वयनी, थंड कुठी हाय?"

अंकुरनं थर्मामीटर दाखवलं. तिनं ते हातात घेतलं. "हे तं वलंचिंब हाय."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. नेमात खोटं चालत नाही.

"मीच थेंबाखाली सरकवलं," मी म्हटलं. "तुळशीचं तीर्थ पडन, तं पोराच्या कामाले बरकत येईन, असं वाटलं."

अंकुरनं थर्मामीटर पुसून ओसरीत टांगलं. अर्ध्या तासानं पंचेचाळीस.

"संपादकाले फोन लाव," मी म्हटलं. "चूक माही हाय, मीच सांगतो."

मी सगळं सांगितलं, तीर्थासकट. संपादकानं विचारलं, "म्हणजे काल छत्तीस होतं आणि आज पंचेचाळीस?"

"हो जी."

सकाळी पहिल्या पानावर अंकुरच्या नावानिशी बातमी होती, 'बोरी अरबमध्ये एका दिवसात पारा नऊ अंशांनी भडकला'. त्याचं काम टिकलं. तुळसाबाईनं बातमी दोनदा वाचली आणि पोरांचे कपडे पिशवीत भरले. एवढ्या भडक्यात ती राहणार नव्हती.

"अंकुर, माह्या चुकीचं तं काहीच नाही याच्यात."

"तेवढी जागा नव्हती, मामी."

त्या दिवशी मी निर्जळी उपास धरला. कोणाच्या पापाचा, ते देवावर सोडलं.