पाठीमागचा आवाज

पायाला नावाची चिठ्ठी बांधायला स्ट्रेचरमामांनी मृताच्या पायांवरची चादर सारली आणि त्यांच्या हातातला दोरा गळून पडला.

उजव्या पायाची दोन बोटं एकमेकांना जोडलेली होती. लहानपणी याच बोटांवरून ते दादाला 'बदक' म्हणून चिडवायचे आणि पाठीत धपाटे खायचे.

"काय झालं मामा?" सिस्टरने विचारलं. "आज पहिल्यांदा प्रेत बघताय का?"

एकतीस वर्षं मामा या हॉस्पिटलात स्ट्रेचर ओढत होते. बाकीचे डोक्याकडून ढकलायचे. मामा मात्र पायाकडे उभे राहून, पाठ फिरवून ओढायचे. चेहरा बघितला की जेवण जात नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तेव्हापासून स्ट्रेचरवर कोण आहे, हे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही.

परवाच नात धडा पाठ करत होती. एका राजपुत्राला रस्त्यात म्हातारा दिसला, मग आजारी माणूस, मग प्रेत आणि शेवटी शांत चेहऱ्याचा एक संन्यासी. राजपुत्र घर सोडून निघाला आणि पुढे बुद्ध झाला.

"पहिले तीन तर मी रोज चहाच्या आधी बघतो," मामा म्हणाले होते. "मला काही झालं नाही बुवा. तुझी आजी भाजी आणायला पिटाळते, तेवढंच काय ते घर सोडणं."

नात खिदळली. हाच धडा वाचून दादाचं डोकं फिरलं होतं. बाविसाव्या वर्षी पिशवी खांद्याला लावून निघताना तो फाटकापाशी धाकट्या भावाला म्हणाला होता, "सापडलं की पहिलं तुला येऊन सांगेन." आई दाराकडे डोळे लावूनच गेली. मामांनी नोकरी धरली.

"सिस्टर, कोण होते हे?"

"कुठल्याशा मठातले भिक्षू म्हणे. नाव विचारलं की नुसते हसायचे. सोमवारी तुम्हीच तर आणलंत खालून."

मामांना आठवलं. सोमवारी, लिफ्टमध्ये. पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले होते. पाठीमागून क्षीण आवाज आला होता, "चाल अजून तीच आहे रे तुझी." म्हातारा भ्रमात बडबडतोय, असं त्यांना वाटलं. मग पुन्हा आवाज आला, "थांब जरा. एक सांगायचंय."

आणि मागे न वळता ते म्हणाले होते, "डॉक्टरांना सांगा, बाबा."

"तुमच्याबद्दल सारखे विचारायचे," सिस्टर सांगत होती. "तो स्ट्रेचरवाला परत कधी येणार म्हणून. मी दोनदा निरोप धाडला की तुम्हाला."

"मला वाटलं, पाणीबिणी हवं असेल." मामांना स्वतःचा आवाज ओळखू येईना. "तुमच्यापाशी काही बोलले का? काय सांगायचं होतं ते?"

"नाही हो. त्यालाच सांगायचंय, म्हणायचे."

मामांनी दोरा उचलला. चिठ्ठीवरचं 'अनोळखी' खोडून दादाचं नाव लिहिलं आणि जोडलेल्या बोटांना ती हलकेच बांधली. मग वळसा घालून ते डोक्याकडे आले आणि चेहऱ्यावरची चादर बाजूला केली.

वॉर्डाबाहेर लिफ्ट आली, उघडली, बंद झाली. मामा तिथेच वाकून उभे होते, त्या शांत चेहऱ्याकडे बघत.