क्लेटची पाठ

क्लेट ब्रॅनिगन एका जागी दहा मिनिटं बसलेला कोणी पाहिला असेल, तर त्याला मी स्टेक खाऊ घालीन. रविवारी टीव्हीवर सामन्याचं वर्णन करायला बसायचा आणि तिसऱ्या मिनिटाला उभा! हेडफोनची वायर ताणली जायची, शेजारचा निवेदक त्याचा कोट धरून त्याला खाली ओढायचा. हॉटेलात पाठीशी भिंत असली तरच घास उतरायचा.

आमचा अमेरिकन फुटबॉल हातांचा आणि खांद्यांचा. क्लेट क्वार्टरबॅक. चेंडू घेऊन उभं राहायचं, कुठे फेकायचा ते हेरायचं, आणि तेवढ्यात समोरचे दांडगे त्याला आडवा करायला धावून येणार. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डाव्या अंगाने मागून येणारा दिसत नाही. तिथे मी. वजन तीनशे पौंड, म्हणून सगळे मला टायनी, म्हणजे चिमुकला, म्हणतात. नऊ वर्षं त्याची पाठ मी राखली. एकदाच चुकलो, तीन वर्षांपूर्वी, आणि त्याचा गुडघा गेला, खेळही सुटला. पेपरवाल्यांना त्याने सांगितलं, मैदान ओलं होतं. मैदान चांगलं कोरडं ठणठणीत होतं.

त्यानंतर त्याचा टीव्ही सुरू झाला, मग सिनेमा. तीन सिनेमांत त्याने नुसती दारं उघडून धरली, चौथ्यात एकदम शेरीफ, म्हणजे गावचा फौजदार! मलाही त्याने गर्दीतला गुराखी म्हणून चिकटवून घेतलं.

त्या सकाळी वाळवंटात शेरीफच्या मरणाचा प्रसंग होता. तो हौदावर घोड्याला पाणी पाजतोय, मागून खलनायकाचा माणूस येऊन त्याला लोळवतो. शेरीफला चाहूल लागता कामा नये. पण रे नावाचा मारामारीवाला झेपावला, की क्लेट नेमका एक पाऊल पुढे सरकायचा आणि रे हौदात! असं अकरा वेळा झालं. घोडासुद्धा कंटाळला.

"तुझ्या पाठीला डोळे आहेत की काय?" दिग्दर्शक सेल्विन ओरडला.

"पाय आपोआप सरकतो, मिस्टर सेल्विन."

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबेन. मग तो दुसरा नट बसमध्ये बसलाय ना, तो शेरीफ होईल."

क्लेट माझ्याकडे आला.

"टायनी, हे गेलं तर मला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. जन्मभर दुसऱ्यांचेच खेळ सांगत बसू का?"

"मग गपचूप उभा राहा ना! रे काय तुला खातोय?"

"नाही जमत, लेका. तू माझ्या डावीकडे थांब. कॅमेऱ्यात येऊ नकोस."

"आणि करू काय?"

"काही नाही. नुसता अस."

मी थांबलो. कॅमेरा सुरू झाला. क्लेटने एकदा श्वास सोडला आणि त्याचे खांदे खाली आले. इतकी वर्षं मी ते खांदे असे पाहिले नव्हते. तो घोड्याच्या मानेवरून हात फिरवत होता, जगाचा विसर पडल्यासारखा. सेल्विन खुर्चीच्या कडेवर आला. मागून रे धावत आला, माझ्या अगदी जवळून.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मला आठवतंय ते एवढंच, की रे जमिनीवर उताणा पडला होता आणि मी त्याच्या छातीवर होतो.

"कट!" सेल्विनने टोपी आपटली. "चालते व्हा! दोघंही!"

बसचं दार उघडलं आणि दुसरा नट शर्टाची बटणं लावत उतरला. क्लेटने छातीवरचा बिल्ला काढून त्याच्या हातात दिला. मला रडू आवरेना. त्या वाळूत, सगळ्यांसमोर, मी पोरासारखा रडलो.

"क्लेट, शपथ घेऊन सांगतो, मी मुद्दाम नाही केलं..."

त्याने मला हात देऊन उठवलं. डोळे त्याचेही भरले होते, पण हसत होता.

"तीन वर्षं उशीर केलास, जाड्या."